पुण्यात मराठीतून युंगियन थेरपी: वर्षभराहून जास्त घेतल्यावरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगते, मला ही थेरपी, म्हणजे स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगच्या पद्धतीची, आवडली आणि मी ती अजून घेतेय. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. थेरपिस्टचं नाव लिहिणार नाही, या कामात पेशंटने नाव घेऊन जाहिरात करणं मला बरोबर वाटत नाही, आणि मला त्या एका व्यक्तीपेक्षा या पद्धतीबद्दल जास्त सांगायचंय. छोटं क्लिनिक आहे, कोथरूडमध्ये, जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर. बाहेर पाटीवर नाव आणि डिग्री, वेटिंगला दोन खुर्च्या, आत दोन खुर्च्या, फ्रॉइडसारखा पेशंटला आडवं करायचा सोफा वगैरे काही नाही. मी शक्यतो प्रत्यक्षच जाते, ऑफिसचं क्लोजिंग असलं की ऑनलाइन. मराठीत याबद्दल पेशंटच्या बाजूने कुणी सविस्तर लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नव्हतं म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

का गेले? मोठं काही झालं नव्हतं. अकाउंट्समध्ये नोकरी, घर व्यवस्थित, मुलगा कॉलेजला. पण रात्री तीनच्या सुमारास दचकून जाग यायची, छातीत धडधड, मग सकाळपर्यंत टक्क जागी. ईसीजी, थायरॉईड, सगळे रिपोर्ट नॉर्मल. धाकट्या बहिणीचा फोन आला की पोटात गोळा यायचा आणि तरी मी तो पहिल्या रिंगलाच उचलायचे, हे असं का होतं ते माझं मलाच कळत नव्हतं.

आपल्याकडे मराठीत मानसोपचार म्हटलं की आधी विवेकनिष्ठ विचारसरणी, म्हणजे आरईबीटी आठवते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची ही पद्धत कि. मो. फडके सरांनी मराठीत रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णींमुळे ती ठाण्यापासून गावोगावच्या व्याख्यानांपर्यंत पोचली, आणि तिचा मला खरंच फायदा झालाय, 'मी चुकता कामाच नये' या हट्टाला प्रश्न विचारायला मी तिथेच शिकले. पण माझं व्हायचं असं की वहीत घटना, विचार, परिणाम असे कॉलम पाडायचे, अविवेकी विचार खोडून विवेकी विचार लिहायचा, तो मनापासून पटायचा पण, आणि रात्री तीनला परत जाग. डोक्याला पटलं होतं, शरीरापर्यंत पोचत नव्हतं. एलिस स्वतः आधी सायकोअ‍ॅनालिस्ट होता, फ्रॉइडच्या त्या पद्धतीतल्या संथपणाला वैतागून १९५५ च्या सुमारास त्याने वेगळी वाट काढली. मी त्याच्या उलट दिशेने गेले. दोन्ही पद्धतींत भांडण लावायचं नाहीये मला, कुणाला कुठे अडलंय त्यावर आहे ते.

युंगियन थेरपी डेप्थ सायकॉलॉजीत मोडते. डेप्थ सायकॉलॉजी म्हणजे थोडक्यात, आपल्याला माहीत नसलेला मनाचा भाग आपल्याला चालवत असतो असं धरून काम करणाऱ्या सगळ्या पद्धती. फ्रॉइड, युंग, अ‍ॅडलर ही पहिली मंडळी. यातला युंग १९०० च्या डिसेंबरात झुरिकच्या बुर्गहॉल्झ्ली मनोरुग्णालयात ज्युनिअर डॉक्टर म्हणून लागला आणि तिथे त्याने फ्रान्झ रिक्लिन या सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग केला ज्यावर त्याचं पुढचं पुष्कळसं काम उभं राहिलं. माणसाला एकेक शब्द द्यायचा, मनात येईल तो पहिला शब्द त्याने सांगायचा, आणि मध्ये किती वेळ गेला ते स्टॉपवॉचवर मोजायचं. शंभर शब्द. पाणी, जहाज, खिडकी, पैसे देणे असले अगदी साधे. मग पहिल्यापासून परत तेच शब्द आणि मघाशी काय उत्तर दिलं होतं ते आठवायचं. जिथे उशीर होतो, जीभ अडखळते, उगाच हसू येतं, दिलेला शब्दच परत उच्चारला जातो किंवा दुसऱ्या वेळी आधीचं उत्तर आठवतच नाही, तिथे खाली काहीतरी आहे. त्याला, म्हणजे भावनांच्या अशा आतल्या गाठीला, तो कॉम्प्लेक्स म्हणायचा. १९०९ मध्ये अमेरिकेत क्लार्क युनिव्हर्सिटीत फ्रॉइडबरोबर तोही गेला होता तेव्हा त्याची व्याख्यानं याच विषयावर होती.

हे माझ्यावर झालंय म्हणून एवढं सांगतेय. सुरुवातीच्या एका सेशनला मॅडमनी, म्हणजे माझ्या थेरपिस्टनी, फोनवर स्टॉपवॉच लावला, मांडीवर पॅड, हातात पेन्सिल. डोकं, मी म्हटलं केस. हिरवं, झाड. पाणी, नळ. खडाखड चाललं होतं, मला आपण किती फास्ट देतोय याचं बरंही वाटत होतं. मध्येच त्या म्हणाल्या सही. आणि मी थांबले. म्हणजे शब्द ऐकू आला, अर्थ कळला, आणि पुढे काही नाही. "सही... सही... पेन," असं मी म्हटलं. त्यांनी कागदावर बारीकसा गोल केला आणि पुढचा शब्द दिला. दुसऱ्या फेरीत सहीला मी 'कागद' म्हटलं, आणि मघाशी पेन म्हटलं होतं हे मला अजिबात आठवेना. मी दिवसभर ऑफिसात सह्या करते हो! व्हाउचर, चेक, बिलं. त्या शब्दावर अडायचं काय कारण?

मॅडमनी अर्थ सांगितला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या, "राहू दे तिथेच, बघू."

काही आठवडे काहीच नाही आणि मग एकदा बोलता बोलता प्रगतीपुस्तक निघालं. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर डेपोला, मुक्कामाच्या गाड्या असायच्या, त्यामुळे ते आज आले तर परवा नसायचे. बहिणीच्या जन्मानंतर आई बरेच महिने अंथरुणातच होती, तेव्हा त्याला काही नाव नव्हतं, 'अशक्तपणा' म्हणायचे सगळे. प्रगतीपुस्तकावर पालकांची सही लागायची आणि एक दिवस आई पडल्या पडल्या म्हणाली, तूच कर गं, तुला येते त्यांच्यासारखी. आणि मला खरंच यायची, बाबांचा तो लांबट 'पा' आणि खाली ओढलेली रेघ. मी केली. मग बहिणीच्या बालवाडीच्या कागदावर पण मीच. मग रेशनच्या कागदावर. सगळे म्हणायचे किती शहाणी पोर आहे. मलाही अभिमान होता. ही गोष्ट मी मैत्रिणींना हसत हसत कितीतरी वेळा सांगितलीय, म्हणजे ती विसरलेली मुळीच नव्हती, फक्त ती सांगताना मला एकदाही रडू आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं. स्वतःच्या पालकाची सही स्वतःच करणारी मुलगी, म्हणजे त्या वेळी तिला पालक कोण होतं, असं मॅडमनी विचारलं आणि पुढची दहा मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. स्वतःला खोलवर ओळखायचं म्हटलं की आपण असं धरून चालतो की आधी मनातले अडथळे दूर करायचे आणि मग आत शिरायचं. ध्यानाला बसायचं तर आधी मन शांत हवं, तसं. या थेरपीत माझा हा समज पूर्ण बदलला. अडथळा आला की मॅडम तिथेच थांबतात, त्याच्याभोवती फिरतात, त्याला विचारतात की बाबा तू कोण. फ्रॉइडने तर लिहूनच ठेवलंय की विश्लेषणाच्या कामात जे जे म्हणून खंड पाडतं तो सगळा रेझिस्टन्सच, म्हणजे मनाने केलेला विरोध. वाचायला हे फार कडक वाटतं, पेशंटवर आरोप केल्यासारखं. प्रत्यक्षात ते उलट मऊ होतं. माझा अडथळा काय होता सांगू? मी फार चांगली पेशंट होते. स्वप्नांची वही करा म्हटल्यावर मी लाँगबुक आणली, समास आखला, तारीख, स्वप्न, भावना, मनात आलेल्या गोष्टी असे रकाने केले, अक्षर मोत्यासारखं. वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर. युंगबद्दल वाचून यायचे आणि मॅडम, हे शॅडो असेल ना, असं आपणच विचारायचे (शॅडो म्हणजे काय ते पुढे सांगते). त्यांनी ती वही बराच वेळ चाळली, शेवटी एवढंच म्हणाल्या, "वही अगदी ऑडिटला द्यावी अशी आहे. कुणासाठी केलीत?"

मला राग आला. चांगलाच. घरी येऊन ठरवलं की आता जायचं नाही, एवढे पैसे देऊन हे ऐकायचं का. आणि पुढच्या सेशनची वेळ मी चक्क विसरले, जी मी कधी गॅसचं बुकिंग विसरत नाही. त्याबद्दल त्या रागावल्या नाहीत, समजूतही काढली नाही, म्हणाल्या विसरणारी कोण आहे तिला भेटायला आवडेल मला. शहाण्या मुलीने तर कधीच काही विसरलं नसतं ना, मग ही कुणीतरी दुसरीच होती जिला इतक्या वर्षांत कधी दांडी मारायला मिळाली नव्हती, आणि माझ्या त्या रागातून आणि विसरण्यातून ती पहिल्यांदा त्या खोलीत आली. चांगल्या वहीतून ती कधीच आली नसती.

डोनाल्ड काल्शेड नावाच्या अमेरिकन युंगियनने १९९६ मध्ये यावर सविस्तर मांडणी केलीय, मॅडमनी एकदा समजावून सांगितली होती. लहान वयात झेपणार नाही असं काही वाट्याला आलं की मनाचाच एक भाग राखणदार होतो आणि आतल्या नाजूक जिवाला सगळ्यांपासून लांब ठेवतो. तेव्हा ते गरजेचंच असतं. पण तो राखणदार पुढे मदतीला येणाऱ्यालाही आत सोडत नाही, तो माणूस नवरा असो, मैत्रीण असो किंवा थेरपिस्ट. त्याच्याशी भांडलं की तो आणखी घट्ट होतो. माझ्या बाबतीत राखणदार म्हणजे ती मोत्यासारखं अक्षर असलेली मुलगी. तिला हाकलून कसं चालेल, तिनेच तर घर सांभाळलं.

स्वप्नांचं सांगते, कारण लोक यावरच जास्त विचारतात. इथे स्वप्नाचा डिक्शनरीसारखा अर्थ लावत नाहीत, साप म्हणजे हे, दात पडले म्हणजे ते असलं काही नाही. स्वप्नातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तुम्हाला काय काय आठवतं ते विचारतात, परत परत, त्याच वस्तूकडे आणतात. माझं एक स्वप्न: शाळेचं पटांगण, मधली सुट्टी, एक मळकट फ्रॉकमधली मुलगी, केस पिंजारलेले, माझा डबा उघडून खातेय. मी संतापून तिच्या अंगावर धावून जाते, ती पळत नाही, खातच राहते. जाग आली तेव्हा मला तिची किळस वाटत होती, भीती नाही, किळस. युंगियन लोक ज्याला शॅडो म्हणतात, म्हणजे आपण स्वतःत जे मान्य करत नाही त्या सगळ्याची मिळून झालेली आकृती, ती बऱ्याचदा अशी आपल्याच लिंगाची, आपल्याला न आवडणारी व्यक्ती होऊन स्वप्नात येते. हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं असणं आणि त्या मुलीच्या बोटांना लागलेलं लोणचं दिसणं यात फार अंतर आहे.

मग अ‍ॅक्टिव्ह इमॅजिनेशन. फ्रॉइडशी १९१३ मध्ये फाटल्यावर युंग स्वतः फार हलला होता, तेव्हा त्याने मनात येणाऱ्या आकृत्यांना दाबण्याऐवजी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली, ते संवाद लिहिले, चित्रं काढली, लाल चामड्याच्या एका मोठ्या वहीत सुवाच्य उतरवून काढले. ती वही तो गेल्यावरही कित्येक वर्षं कुटुंबाने बाहेर दिली नाही, छापून आली ती २००९ मध्ये. यातूनच ही रीत आली. डोळे मिटून स्वप्नाच्या त्याच जागी परत जायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं, आपण घडवायचं नाही. हे सोपं वाटतं, तसं नाहीये, माझ्या मनाने आधी लगेच गोड शेवट तयार केला, मी तिला जवळ घेते, दोघी रडतो वगैरे. मॅडम म्हणाल्या हे तुम्ही लिहिलंत, तिने नाही. परत गेले. या वेळी मी नुसती शेजारी पायरीवर बसले. ती माझ्याकडे बघेना. बऱ्याच वेळाने तिने डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं, त्यात अर्धी पोळी होती, आणि पाठ फिरवून बसली. बास, एवढंच. मला त्या अर्ध्या पोळीचं काय वाटलं ते इथे लिहिता येणार नाही, पण त्या रात्री मी सकाळपर्यंत झोपले. (रोजच झोपते असं नाही, ते पुढे सांगते.)

एक सूचना इथेच. हा प्रकार एकट्याने घरी करून बघू नका, निदान सुरुवातीला तरी. ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा कधी आले आहेत, किंवा औषधं चालू आहेत, त्यांनी आधी सायकिअ‍ॅट्रिस्टशी बोलून घ्या.

थेरपिस्टने स्वतःचं मत पेशंटवर लादू नये याबद्दल एक किस्सा मॅडमनी सांगितला तो मला फार आवडतो. वोल्फगांग पाउली, पुढे १९४५ चं नोबेल मिळालेला फिजिसिस्ट, तिशीत असताना घटस्फोट आणि दारू यांनी बेजार होऊन युंगकडे गेला. युंगने मुद्दाम त्याला स्वतःकडे न घेता एर्ना रोझेनबाउम या तुलनेने नव्या शिष्येकडे पाठवलं, कारण आपण मध्ये आलो तर त्याच्या स्वप्नांवर आपल्या थिअरीचा रंग चढेल असं त्याला वाटलं. त्या काळातली चारशे स्वप्नं युंगने पुढे अभ्यासाला घेतली. एवढा मोठा माणूस स्वतःला बाजूला ठेवतो, हे ऐकून मला विश्वास बसला.

तरी माझ्या मॅडमही एकदा घसरल्या आणि तेही लिहायला हवं. एका स्वप्नात अंबाबाईचं देऊळ आलं, तर त्या थेट मातृदेवता, महामाता, आर्किटाइप (युंगच्या मते सगळ्या माणसांच्या मनात असलेले मूळ साचे) या बाजूला गेल्या. मला ते पटेना. महाद्वार रोडवर मी बाबांची वाट बघत उभी राहायचे, त्यांची ड्यूटी सुटली की ते तिथून मला घ्यायचे, कधी यायचे कधी नाही. माझ्यासाठी ते देऊळ म्हणजे वाट बघायची जागा. मी तसं सांगितलं, जरा भीत भीतच. त्यांनी लगेच सोडून दिलं, म्हणाल्या तुमचं बरोबर आहे, मी घाई केली. युंगियन लोकांचा हा धोका आहेच, पुराणकथा इतक्या सुंदर असतात की समोरच्या माणसाच्या आयुष्यावर त्या चपखल बसवण्याचा मोह होतो. तुमचा थेरपिस्ट 'नाही' ऐकून घेतो का, हे नक्की बघा.

आणि तो खोकल्याचा प्रसंग. एकदा मॅडमना जबर सर्दी-खोकला होता, बोलता येत नव्हतं. मी म्हटलं मॅडम आज राहू दे, तुम्ही आराम करा, फी मी देते, आणि पर्समधून खडीसाखर काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, आभार मानले, आणि मग म्हणाल्या, "मी आजारी पडले आणि तुम्ही लगेच सही केलीत." मी सुन्न झाले. १९१४ मध्ये फ्रॉइडने मांडलं होतं की पेशंटला जुनं आठवत नाही, तो ते थेरपिस्टबरोबर परत करून दाखवतो. मला तर आठवत होतं, तरी मी करत होते! अंथरुणावरची आई, शहाणी मुलगी, सगळं त्या खोलीत जसंच्या तसं. हे पुस्तक वाचून होत नाही, कौन्सेलिंगच्या रीलमधूनही नाही, त्यासाठी समोर दर आठवड्याला तेच माणूस त्याच वेळी बसलेलं असावं लागतं, ज्याच्यावर आपली जुनी सवय उतरेल आणि जे ती सवय आपल्याला हळूच दाखवेल. माझ्या मते या सर्व्हिसमध्ये आपण पैसे मोजतो ते नेमके याचे.

भारताशी याचा संबंध जुना आहे. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी काढली, फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि ते त्याच्याशी मतभेदही मांडायचे. युंग स्वतः १९३७-३८ च्या हिवाळ्यात इथे आला, कलकत्त्यात आमांशाने इस्पितळात पडला. साधुसंतांना भेटायचं त्याने मुद्दाम टाळलं, दक्षिणेत जाऊनही रमण महर्षींकडे गेला नाही, आपल्याला आपल्याच मुळातून जे मिळेल त्यावर भागवायचंय असं त्याचं म्हणणं. भारतात असतानाच त्याला स्वप्न पडलं ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या बेटाचं, ख्रिस्ती दंतकथेतल्या पवित्र पेल्याचं, आणि ते आणायला खाडी पोहून एकट्याने जायचंय असं. आपल्याकडच्या काही लोकांना त्याचं हे वागणं उद्धट वाटतं, मला प्रामाणिक वाटतं. पुढे गोव्यात राहिलेले मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी लिहिलंय की भारतीय पेशंट थेरपिस्टकडे गुरू म्हणून बघतो, त्याने मार्ग सांगावा अशी अपेक्षा धरून येतो. माझंही अगदी तेच होतं, मॅडम काय करू सांगा ना. त्या सांगत नाहीत. त्रास होतो त्याचा, पण आपली बुद्धी कुणाच्या तरी पायाशी ठेवून मोकळं व्हायची सवय मोडायला तो त्रास घ्यावा लागतो.

फरक काय पडला? जाग अजून येते अधूनमधून, पण धडधड नसते, उठून पाणी पिते, परत झोप लागते. बहिणीचा फोन मी एकदा वाजू दिला. नंतर केला, म्हटलं जेवत होते. तिला काहीच वाटलं नाही, ती म्हणाली बरं बरं जेव. इतकी वर्षं मी कुठल्या आगीला पळत होते? बहिणीवर मी आतून किती चिडले होते हे पण कळलं, आणि कळल्यापासून तिच्याशी बोलणं सोपं झालंय. ऑफिसात ज्युनिअरच्या एन्ट्र्या परत तपासणं बंद केलंय, पूर्ण नाही, बरंचसं.

आता अर्धा मार्क. एक म्हणजे वेळ. पहिले काही महिने वाटतं की नुसतंच बोलतोय, होत काही नाही, आणि मध्ये एक काळ असा येतो की आधीपेक्षा जास्त वाईट वाटायला लागतं, नवरा म्हणाला पण होता की तू बरी व्हायला जातेस की आजारी पडायला. हे होणार आहे असं मॅडमनी सुरुवातीला स्पष्ट सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. दुसरं पैसे. सेशनला दोन हजारांच्या आसपास, दर आठवड्याला, पन्नास मिनिटं, हे प्रत्येकाला परवडणारं नाही आणि ही गोष्ट मला मनापासून खुपते, कारण ज्या घरातून मी आले त्या घराला हे कधीच परवडलं नसतं. काही थेरपिस्ट ऐपतीप्रमाणे फी घेतात, विचारायला लाजू नका.

पुरावा काय असं विचारणाऱ्यांसाठी: जोनाथन शेडलर या मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये सायकोडायनॅमिक थेरपीच्या, म्हणजे अबोध मनावर काम करणाऱ्या थेरपींच्या, संशोधनांचा आढावा घेतला, त्यात तिचा परिणाम इतर मान्य थेरपींच्या तोडीचा दिसला, आणि थेरपी संपल्यावरही सुधारणा पुढे चालू राहते असंही. पण हे या एकंदर कुळाबद्दल झालं. युंगच्या सामूहिक अबोध मनाला, म्हणजे सगळ्या माणसांत एकच असलेल्या अबोध थराला, तसा पुरावा नाही, ते मी एक उपयोगी कल्पना म्हणून घेते, श्रद्धा म्हणून नाही. १९३३ मध्ये, जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर, तिथल्या मानसोपचार संस्थेचं अध्यक्षपद घेऊन युंगने जे लिहिलं-बोललं त्यावर आजही टीका होते आणि ती व्हायलाच हवी. त्याच्या अनुयायांनी तरी शॅडो या विषयावर बोलताना हे झाकू नये.

कुणी जावं? ज्यांचं बाहेरून सगळं ठीक आहे आणि आत तेच तेच परत घडतंय, त्याच प्रकारची माणसं, तेच भांडण, तीच रात्र, त्यांनी. ज्यांना आत्ता लगेच आधार हवाय, जीव नकोसा वाटतोय, त्यांनी ही संथ वाट धरू नये, आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट गाठा किंवा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीतून बोलता येतं, फुकट आहे. फोबिया, परीक्षेची भीती असल्या नेमक्या तक्रारीला आरईबीटी किंवा तिच्याच जवळची, विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी सीबीटी लवकर लागू पडेल.

थेरपिस्ट निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांचं आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन विचारा, न संकोचता. युंगियन असं कुणीही पाटीवर लिहू शकतं, त्यामुळे ट्रेनिंग कुठे झालं, स्वतः किती काळ थेरपी घेतली, सध्या सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टकडून स्वतःच्या कामाचं मार्गदर्शन) कुणाकडे आहे हे सगळं पहिल्याच फोनवर विचारायचं, चांगला थेरपिस्ट याचा राग मानत नाही. आणि एक, सुट्ट्यांचं काय करतात ते विचारून घ्या. माझ्या मॅडम मे महिन्यात पूर्ण बंद असतात, दोन महिने आधी सांगतात, अडचण आली तर कुणाला फोन करायचा ते नाव देऊन ठेवतात. सध्या त्यांच्याकडे संध्याकाळचे स्लॉट भरलेत, सकाळी आठचे मिळतात, ऑफिसच्या आधी उरकतं पण नंतर लगेच मीटिंग ठेवू नका, अर्धा तास तरी मोकळा लागतो.